नववी खोली

बावीस हजार दिनार मशीनचे,
आणि वर तो टीव्ही, मागे ढेरी सुटलेला,
जो आमच्या जिन्यात वळता वळेना.
वरच्या मजल्यावरच्या मिलेंकोने एक बाजू धरली.
भिंतीचा टवका उडाला.
एवढं कशासाठी, मी विचारलं.
तिहोमीर म्हणाला, एक खेळ राहिलाय.

वय त्रेपन्न. सकाळी रक्तदाबाची गोळी, रात्री दुसरी.
दोन्ही माझ्याच दुकानातून.
आणि याचा एक खेळ राहिलाय!

पोरगी म्हणाली, बाबा, हा बघ, फोनवर आहे, फुकट,
बोट लावलं की उघडतो.
त्याने पाहिलं, भाजीवाल्याने पुढे केलेला
कालचा कोबी पाहावा तसं.
हा तो नाही, म्हणाला.

मग कॅसेट. मग स्क्रू-ड्रायव्हर.
टेपचं डोकं केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे,
आणि तो आवाज,
पत्र्यावर कुणी खिळा ओढतंय, थांबतंय, पुन्हा ओढतंय.
सहा मिनिटं. बहुतेकदा पाचव्या मिनिटाला सगळं फुकट.
त्या सहा मिनिटांत म्हणे चाबाची आई
पावाला चरबी फासून, वर तिखट भुरभुरून द्यायची.
मी नाही दिली. घरात कोलेस्टेरॉलचं एक माणूस पुरे आहे.

खेळ काय, तर विहीर.
अकरा खोल्या, एकीखाली एक.
हिरव्या ठिपक्यांचा पाणबुड्या,
ज्याला पाय आहेत हे सांगावं लागतं.
चौकटीच्या वहीत पेन्सिलीने काढलेला नकाशा,
घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी.
आठ खोल्या नीट. नववीत प्रश्नचिन्ह,
इतकं गिरवलेलं की कागदाला भोक.

मशीन चाबाचं होतं, काकाने म्युनिकहून आणलेलं.
तिहोमीरकडे नुसता वेळ होता.
तीन हिवाळे तो बेगेयचा पूल ओलांडून रोज जायचा.
सत्त्याऐंशीत दोघं महिनाभर बोलले नाहीत,
नववीत दर वेळी तिहोमीरचा अंगठा चुकतो म्हणून.
एक्क्याण्णवच्या शरदात घरोघरी भरतीचे कागद आले,
आणि चाबा एका रात्रीत गेला.
आता व्हेस्तेरोसला असतो. नवीन वर्षाला एक फोन.

अकरा रात्री लागल्या नववीपर्यंत.
बाराव्या रात्री त्याने मला उठवलं.
भिंग कुठे आहे तुझं, औषधांची लेबलं वाचायचं?
काचेला नाक लावून ठिपके मोजले.
पुन्हा मोजले. मलाही मोजायला लावले.
शिडी एका ठिपक्याने वर आहे.
उडी तिथवर पोचतच नाही.
कुणाचीच नाही. कुणाच्याच अंगठ्याने.
ज्याने खेळ लिहिला तोच चुकला होता.

मी म्हटलं, झालं? मिळालं उत्तर? झोप आता.
पण हा फोन घेऊन स्वयंपाकघरात.
अर्धं सर्बियन, अर्धं हंगेरियन.
दार लोटलेलं होतं, मी ऐकलं, ऐकणारच.
चाबा म्हणाला,
मला तेव्हाच कळलं होतं.
सांगितलं असतं तर तू यायचा थांबला असतास.

खरं असेल. की आत्ता, तिकडच्या काळोखात,
अंथरुणात उठून बसल्या बसल्या रचलं?
अडतीस वर्षांत कुठलीही गोष्ट गिलावा करून
गुळगुळीत करता येते, मी रोज काउंटरवर ऐकते.
तिहोमीर बराच वेळ काही बोलला नाही.
फ्रीजची घरघर तेवढी.
मग म्हणाला, आणि महिनाभर मला शिव्या दिल्यास ते?

तिथून जे जुंपलं ते सव्वा तास.
किल्ली सातव्या खोलीत की आठव्या,
चरबीवर कांदा असायचा की नव्हता,
वही कुणाची, पेन्सिल कुणाची.
शेवटी शेजारणीने भिंत ठोकली.

या उठाठेवीचं मोल किती, मला विचारू नका.
मी गोळ्या मोजणारी बाई.
अकरा रात्रींचं जागरण, बावीस हजार,
वरचा आकडा खालच्याने भागला तर काय येतं कोण जाणे.
टवका मात्र तसाच आहे.
आणि टीव्ही आता खाली जात नाही,
मिलेंकोची कंबर धरलीय.