पोथी नको, बासन दाखवा

सगळे येतात ते पोथ्यांसाठी.
मी गाठ सोडतो, पोथी पुढे ठेवतो
आणि लाल बासन मांडीवर घेऊन बसून राहतो,
लग्नात कुणी दुसऱ्याची पर्स सांभाळत बसतं तसा.

तोमोए क्योतोहून बडोद्याला आली नि म्हणाली,
पोथी नको. कापड दाखवा.
रमणिकभाई हसला. मी रजिस्टर उघडलं.
कापडासाठी त्यात रकानाच नव्हता.

तीन आठवडे ती दांडिया बाजारातून चालत यायची.
डबा निळ्या चौकोनी फडक्यात,
वर गाठीचे दोन कान.
सरगाठ असणार, म्हणून मी टोक ओढलं
तर आणखीच आवळली.
तिने एक कान उलट्या बाजूला ताणून सरळ केला,
आणि गाठ त्याच्यावरून अंगठीसारखी निघून आली.
निरगाठच ती,
पण सुटायचं शिकलेली.

याला काय म्हणता? तिने विचारलं.
पोथीचं असेल तर बासन.
डब्याचं? शिदोरी.
कपड्यांचं? गाठोडं. घाईत बांधलं तर बोचकं.
आणि पदराच्या टोकाला चिमूटभर साखर?
पुरचुंडी, मी म्हणालो, आणि तिला ते
पाच वेळा म्हणून दाखवावं लागलं.
आमच्याकडे सगळ्याला एकच, फुरोशिकी, ती म्हणाली.
मला उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

जायच्या आदल्या दिवशी मी तळाच्या फळीवरून
बाराशे सात नंबर काढला.
पोथी गहाळ, असा शेरा,
माझ्याही आधीच्या कुणाच्या किरट्या अक्षरात.
बासन तेवढं घडी करून ठेवलेलं.
टेबलावर पसरलं तर कडा विटून गुलाबी,
आणि मधोमध एक लांबट आयत, अजून गर्द लाल.
ती बराच वेळ वाकून बघत राहिली.
मग पट्टी काढून तिने हवेतूनच माप घेतलं,
कापडाला न टेकवता,
आत कुणी झोपलंय अशा बेताने.

आवजो, तोमोबेन, रमणिकभाई फाटकापर्यंत गेला.

रजिस्टरात मी एक रकाना आखला आहे,
साहेबांना न विचारता.
बाराशे सातपुढे लिहिलं: आहे.

ते निळं फडकं ती मला देऊन गेली.
शरयू त्यात खंडेराव मार्केटातून वांगी आणते.
देठाने एक भोक पाडलंय, हळदीचा डाग आहे,
परवा इस्त्रीचे कपडेही त्यातच गेले.
गाठ मात्र ती तिच्या पद्धतीने मारते, दात-ओठ खाऊन.
मी ओट्यापाशी उभा राहून
एक कान उलटा ताणून बघतो.
दहातून चारदा सुटते.