तर्री

नागपूरला गाडी दहा मिनिटं थांबते.
मी म्हटलं होतं, मोबाइलवरून मागवते काहीतरी.
"हौ," म्हणाले मोरेश्वर भाऊजी, आणि आलेच.

अजनी शेडमधून रिटायर झाल्यापासून
नात्यातलं कुणी या रुळांवरून
उपाशी जाऊ दिलं नाही त्यांनी.
एका हातात पोह्यांचा डबा,
दुसऱ्यात कॉफीची जुनी बरणी,
झाकणाखाली प्लास्टिक, वरून रबर.
आत लाल तर्री, तळाशी हरभरे.

पण आज डबे उलटे लागलेले,
आणि माझी काच न उघडणारी.
ते पळताना दिसले,
एकदा पुढे, मग मागे,
ओठ हलत होते.

गाडी हलली तशी बरणी त्यांनी
दारात उभ्या कुठल्याशा पोराच्या हातात कोंबली.
डबा राहिला.

गोधनी गेल्यावर बरणी आली,
सहा डबे ओलांडून, हातोहात,
दोन बोटं कमी होऊन.
आणणाऱ्याचं नाक लाल.
समोरच्या तमिळ आजोबांनी
न बोलता आपली इडली पुढे केली.
बुडवली. दोघांनीही.

काटोलच्या आधी फोन:
"भेटली का वं? तिखट त नाही झाली?"
"नाही. आणि पोहे?"
मागे अनाउन्समेंट, चमच्याचा आवाज.
"बाकड्यावर बसून खाऊन राहिलो.
कोरडेबी बरे लागतात."

हे ते भाऊजी,
ज्यांनी माझ्या लग्नात, भर मांडवात,
तर्री संपली म्हणून
पोह्यांची ताटली परत पाठवली होती.