आठशे सीसी

कोकंदच्या बाजारात तिला शिलाई मशीन म्हणतात.
म्हणोत.
एकवीस वर्षं माझं पोट शिलाई मशीनवरच चाललंय,
मला तो आवाज कळतो.
तीन सिलिंडरांची जराशी लंगडी टकटक,
चढाला सूर बदलला की गियर उतरवायचा,
जाड कापड आलं की पाय हलका करतो, तसा.

पांढरी. जुनी घेतलेली.
आधीच्या मालकानं मागच्या काचेवर चिकटवलेलं लाल हृदय
नखानं खरवडलं, अर्धंच निघालं.
पॉवर स्टिअरिंग नाही. पॉवर आहे ती माझ्या दंडात.
काचा हातानं फिरवायच्या,
मागची डावी अर्ध्यावर येऊन रुसते.
डिकीत मिथेनची टाकी,
टाकीच्या कुशीत जेमतेम एक खरबूज.

पण कुरपाचा!
लग्नातल्या गाद्या, साटीनच्या, कापूस मीच पिंजलेला,
मागची सीट पाडली की बावीस बसतात.
दार खांद्यानं लावावं लागतं.
मग आरशात रस्ता दिसत नाही.
दिसतो गुलाबी, मोरपंखी,
आणि ताश्कंदमधल्या कुणा पोरीचा
घडी न मोडलेला संसार.

कमचिकचा घाट ती दुसऱ्या गियरमध्ये चढते.
उन्हाळा असला तर आधी एसी बंद.
मग रेडिओ. त्यानं फरक पडत नाही, ठाऊक आहे,
तरी बंद.
मोठे ट्रक बाजूनं निघून जातात,
मी कुणाचं मनावर घेत नाही.
एकदा एका जीपवाल्यानं काच खाली करून विचारलं,
मावशी, ढकलू का?
मी म्हटलं, तुझी उभी राहिली की सांग, मी ओढते.
बोगद्याच्या तोंडाशी शिपाई आता नाव विचारत नाही,
नुसता किती गाद्या ते विचारतो.
कापूस हलका असतो म्हणणाऱ्यानं
बावीस गाद्या पाठीशी घेऊन
पलीकडचा उतार एकदा उतरून बघावा.

एर्गाश फोनवर म्हणायचा, मोठी घे.
कझानहून पैसे यायचे, पैशांमागोमाग सल्ला.
छप्पर झालं, धाकटीची फी भरली,
उरलं त्यात माझ्या गाद्यांचे घातले, तेव्हा ही आली.
मी त्याला सांगितलं, चार जण आरामात बसतात.
खरं म्हणजे तीन,
आणि एक न बोलणारा.

चार हिवाळ्यांनी तो या डिसेंबरात घरी आला.
माझ्या शेजारी बसला.
गुडघे डॅशबोर्डला, टोपी छताला.
पहिल्या वळणावर त्याच्या पायानं
नसलेला ब्रेक दाबला.
दुसऱ्यावरही.
तिसऱ्याला मी बघितलं नाही.

अंग्रेनच्या पुढे मिथेनची रांग, चाळीसेक गाड्या.
नियम असा की नळी लावायच्या आधी
सगळ्यांनी उतरायचं,
पिवळ्या रेषेपलीकडे पत्र्याखाली उभं राहायचं.
म्हातारा असो, लेकुरवाळी असो,
गाडीत फक्त गाडी.

तिथं उभे राहिलो दोघं,
हाताला काही काम नाही.
एवढा वेळ रिकामे आम्ही
लग्नानंतर कधी शेजारी उभे होतो, आठवेना.
त्याच्या तोंडून वाफ, माझ्या तोंडून वाफ.
तो तिच्याकडे बघत होता, बाजारात मेंढी बघतात तसा,
मग जरा कमी तसा.

एका टाकीत किती जाते, त्यानं विचारलं.
मी एकटी असले तर दोनशे दहा. घाट धरून एकशे सत्तर.
आणि दोघं?

मोजलं नाही, मी म्हटलं.

नळीवाल्यानं शिट्टी मारली.
तो डोकं सांभाळत आत वाकला, बसला,
खांद्यावरून पट्टा ओढू लागला.
पट्टा येईना. त्या बाजूचा
कधी कुणी ओढलाच नव्हता.
मी इंजिन चालू केलं
आणि त्याला म्हटलं,
हिसका नको. हळू ओढ, येतो.