पाण्याची वही

भांडुपच्या टेकडीवर, वरच्या आळीत
पाणी पहाटे चार वीसला येतं. म्हणजे यायचं.
मी लिहून ठेवते, पोराच्या गणिताच्या उरलेल्या पानांवर:
तारीख, वेळ, किती हंडे, कोणाला फोन केला,
कोणी उचलला.

मामंजी म्हणतात, वही कसली बघतेस, चिन्ह बघ.
आपला माणूस उभा आहे.
आपला म्हणजे गावाकडचा,
आपल्या आडनावाच्या आगेमागेचा,
बारशाला येऊन बाळाकडे न बघता
कॅमेऱ्याकडे बघणारा.

वही उघडते.
एकवीस मे. पाणी नाही. आपल्या माणसाचा फोन: साहेब मिटिंगमध्ये.
बावीस मे. तेच.
तेवीस मे. मिटिंग अजून चालूच.
चोवीसला रात्री पावणेबाराला
खालच्या आळीतली ताहेराबाई
चपला हातात घेऊन, सलवार गुडघ्यापर्यंत खोचून,
चावीवाल्या घागांना उठवून वर आली.
व्हॉल्व्हवर धोंडा होता. तिने तो हलवला,
घागांनी चावी फिरवली.
पाइप आधी खोकला,
मग गढूळ, मग पाण्यासारखं पाणी.
सात हंडे.

पण वहीला नातं कळत नाही.
सप्टेंबरच्या पानावर तिचंही आहे:
संडासाचं दार सोमवारी बसवते, म्हणाली.
कुठला सोमवार, ते म्हणाली नव्हती.
ते दार मी अजून एका हाताने धरून बसते.

तिसरा उमेदवार वहीत नाहीच.
त्याचा टेम्पो तेवढा आठवतो,
गल्लीत मावला नाही म्हणून उलटा गेलेला.

मतदानाला निघताना मामंजी उंबऱ्यात थांबले.
"बांगडा घेताना कल्ला उघडून बघतेस ना?
टोपली कोणाची ते नाही विचारत."
वाटलं, वळला म्हातारा.
"तसं इथे नसतं," म्हणाले. "इथे टोपलीच बघायची."

शाळेच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे
बोट आपोआप सवयीच्या बटणाकडे गेलं.
लग्नापासूनची सगळी मतं तिथेच पडलीत माझी.
बाहेर कोणीतरी खोकलं,
अगदी पाइपासारखं.

"झालं?" मामंजींनी विचारलं.
"झालं."

दुसऱ्या दिवशी चार वीस. पाणी नाही.
शाई लागलेल्या बोटाने पट्टी धरून
नवा रकाना आखला.
वर नावाची जागा ठेवली आहे,
निकाल लागेपर्यंत कोरी.