पर्याय क्रमांक एक

बसा, अंबादास. स्टूल हलतं, भिंतीला टेकवा.
लावण्या अकरावीत गेली म्हणता,
मग वेळेत आलात की ओ.
इथं लोक जूनमध्ये येतात,
घामानं भिजलेली फाइल पोटाशी धरून,
आणि शेवटच्या रात्री सर्व्हर झोपला
की माझ्याकडं बघतात, मीच तहसीलदार असल्यासारखं.

पहिलं काम तुमच्या वडिलांचं.
त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधा,
तेलुगू शाळेतला. पत्र्याच्या पेटीत तळाला असेल,
जुन्या लग्नपत्रिकांच्या खाली.
त्यावर येमूल आहे का यमूल, एवढं बघा.
एका मात्रेपायी जात पडताळणीत
सहा महिने फिरलेला माणूस मी बघितलाय;
चपलेचा अंगठा तुटला, मात्रा सापडली नाही.

लातूरचं विचारताय.
पाठवू नका असं नाही म्हणत.
पण फी भरायच्या आधी तिथली खोली बघून या,
खिडकी कुठं उघडते,
शेजारच्या कॉटवरची पोरगी जेवते का.
बोर्डावर फोटो असतात ते लागलेल्यांचे.
न लागलेल्यांचे छापायचे म्हटले
तर सात रस्त्यापासून विजापूर वेशीपर्यंत
फ्लेक्स पुरायचा नाही.

आणि चाचणीचे मार्क घरात मोठ्यानं वाचू नका.
राजेश्वरीताईंना विचारा,
कारखान्यात दिवसभराच्या विड्यांतून
मुकादम छाट काढून बाजूला टाकतो
तेव्हा बोटांना कसं वाटतं.

एप्रिलात पारा चव्वेचाळीसला जाईल.
तुमच्याच लूमवरची चादर भिजवून खिडकीला बांधा.
दुपारी डोळा लागला तिचा, तर लागू द्या.
कर्ज काढणार असाल तर आकडा तिलाही सांगा.
लपवलेला आकडा पोरं बरोबर ओळखतात
आणि समासातसुद्धा गणितं सोडवायला लागतात,
वही संपू नये म्हणून.

हे सगळं मी सगळ्यांना सांगतो.
पुढचं सांगत नाही.

माझ्या श्रीधरचा फॉर्म याच खुर्चीत भरला, मीच.
तो चहा आणायला गेला होता.
तो यायच्या आत पर्याय क्रमांक एक मी टाकून मोकळा,
पुणे, कॉम्प्युटर.
दोनशे पोरांचे फॉर्म भरलेला माणूस,
मला काय विचारायचं होतं?
पहिला पर्याय लागला की मशीन परत विचारत नाही,
जागा आपोआप पक्की होते.
पेढे वाटले. त्यानंही एक खाल्ला, अर्धा.

नोव्हेंबरात परत आला, हुतात्मा एक्स्प्रेसनं, रात्री.
बॅगेत मोराची चादर, आईनं दिलेली,
दुकानातल्या घडीसकट.
आम्ही विचारलं नाही,
चार महिने तिकडं पांघरलंस काय.

आता तो पलीकडच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करतो.
हात चांगला आहे त्याचा.
बोलतो की माझ्याशी, का नाही बोलणार?
चहा मात्र तेव्हापासून मी आणतो,
दोघांचा.

तर अंबादास, मघाशी तुम्ही हसत सांगितलं
की पोरगी रंगाईच्या टाकीपाशी उभी राहते,
लाल रंगच का सुटतो, निळा का नाही, विचारते,
आणि कारागीर वैतागतात.
ते मी या पावतीच्या मागं लिहून ठेवलंय.
तुम्ही विसराल.
तुम्हाला डॉक्टर म्हणायचंय, कळलं मला,
तोंडात आलेलं गिळलंत ते दिसलं.

पुढच्या वर्षी यादी टाकायची वेळ आली
की तिला घेऊन या.
पाण्याचा वार सोडून या, नळाची घाई डोक्यात नको.
तिला खुर्चीत बसवा, माऊस तिच्या हातात द्या.
मी काही बोलणार नाही, तुम्हीही नको.

त्या दिवशी चहा तुम्ही आणायचा.
कोपऱ्यावरचा नको, तिथं लगेच मिळतो.
लांबचा आणा.