पान एक्केचाळीस

शुक्रवारी, म्हापशाच्या बाजारातून वाट काढत
एव्हारिश्त मिनेझिस छापखान्यात आला,
काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
डब्यात पुस्तक.
पुस्तक म्हणायचं आपलं. कणा गेलेला,
सुटी पानं रबरबँडमध्ये,
आणि रबरबँडचाही डिंक झालेला.

त्याचा भाऊ क्लेतो, तारवटी,
त्र्याऐंशी साली रॉटरडॅमहून घेऊन आला होता:
हे नियमांचं पुस्तक, वीस बाजूंचा एक फासा
आणि असा खेळ, ज्याला पट नाही.
चौघं टेबलाभोवती बसून नुसते बोलतात
आणि बोलता बोलता गुहेत उतरतात.
खोर्जुव्यात, कंदिलावर. वीज नेहमीप्रमाणे गेलेली.

"छापून दे," म्हणाला, "होतं तसं."

होतं तसं म्हणजे कसं, पात्रांव?
मी विचारत गेलो, तो फासा फिरवत बसला.
हार्डबाउंड? शोभेल, कपाटात.
पण शेजारी ठेवून खेळायचं तर
पुस्तकाला उताणं झोपता यायला हवं.
गोंदाची बांधणी झोपत नाही,
दाबली की कडकन मोडते,
आणि आपल्याकडच्या दमट हवेत
गोंदाला आपण गोंद असल्याचं आठवतं.
स्पायरल ट्यूशनच्या नोट्सना.
गुळगुळीत कागद नकोच, पेन्सिल घसरते,
आणि ज्या पुस्तकात पेन्सिल चालत नाही
त्यात कुणी मरत नाही, जगतही नाही
असं माझं मत आहे.
धंद्याला वाईट.

ठरलं:
सोळा पानांचे चार फर्मे, दोऱ्यानं शिवलेले,
जरा मळकट मॅपलिथो,
जाड पुठ्ठ्याचं खोकं, आणि नकाशा सुटा,
कारण नकाशा शिवून टाकणारा माणूस
कधी वाट चुकलेला नसतो.

मग स्कॅन. रात्री पडद्यावर
एकेक डाग पुसत बसलो.
कसरीची भोकं. फेणीच्या ग्लासाचं वर्तुळ.
बाराव्या पानाच्या कोपऱ्यात हुमणाचा थेंब,
त्याच्याखाली क्लेतोचं अक्षर: इथं उजेड नाही.
थेंब पुसला की अक्षर जायचं.
थेंब ठेवला.

एक्केचाळीसवर तक्ता होता.
विषातून वाचायला फाशावर किती हवेत,
ओळीओळीनं चढत जाणारा:
चौदा, पंधरा, सोळा,
सात,
अठरा.
सातामागचा एक गळला असणार
कुठल्याशा थंड शहरात, कुणाच्या तरी थकल्या हातून.
मी तो बसवला. त्याच वळणाचा, त्याच शाईचा,
इतका बेमालूम की स्वतःचंच कौतुक वाटलं,
आणि प्रूफ घेऊन पूल ओलांडून गेलो.

एव्हारिश्तनं चष्मा कपाळावर चढवला.
बराच वेळ त्या आकड्यावर बोट ठेवून बसला.

"माझा धनुर्धारी विषानं पडला होता," म्हणाला.
"फासा नवावर थांबला.
क्लेतोनं पुस्तक कंदिलाजवळ नेलं, पाहिलं,
म्हणाला, सात पुरेत, ऊठ.
नंतर बोटीवरून त्याचं पत्र आलं. चार ओळी हवेच्या,
दोन पगाराच्या, आणि तळाशी:
सतरा जाय आशिल्ले. म्हाका खबर आशिल्लें."

त्यानं बोट उचललं.
क्लेतो आता हळदोण्याच्या सिमितेरीत आहे,
धनुर्धारी अजून जिवंत, असं तो म्हणतो,
तिसऱ्या पातळीवर कुठेतरी, अर्धा घायाळ.

मी छापखान्यात परत आलो
आणि एक काढून टाकला.
आयुष्यभर मुद्रितं तपासली,
चूक परत बसवायला पहिल्यांदाच हात लागला,
आणि ती काही केल्या सरळ बसेना.

"शुद्धिपत्र तरी लावू?" फोनवर विचारलं.
"लाव," म्हणाला. "कोरं."

बारा प्रती, बारा खोकी.
प्रत्येकात नकाशाच्या मागे एक चिठ्ठी,
वर ठळक छापलंय शुद्धिपत्र,
खाली काही नाही.

बिलात मी तिचेही पैसे लावले.