आठ बाय तीनचा पत्रा

बांधावरचा तो पत्रा मी पाचदा रंगवला.
आठ बाय तीन, एका कोपऱ्यात पोचा.
तो पोचाही पाचदा रंगवला.

त्याआधी इथे बोर्डच नव्हता.
चिंचेखाली सुग्रता मारबते बसायची,
जवसाच्या तेलात मरळ तळायची,
पळसाच्या द्रोणात भात, वर झिंग्यांचा रस्सा.
पाटबंधाऱ्याचे साहेब जीप थांबवून
टाय खांद्यावर टाकून उकिडवे बसायचे.
मी विचारलं होतं, मावशी, नाव लिहून देऊ का?
"नाव कायले पायजे बापा?
भुकेल्याले वास पुरते."

पहिलं नाव हेडाऊंनी लिहून घेतलं,
सावजी भोजनालय, पिवळ्यावर लाल.
'जी'ची वेलांटी मी मिरचीसारखी काढली.
खाली बारीक अक्षरात,
राइस प्लेट तीन रुपये, रस्सा दुसऱ्यांदा फुकट.
माणसं तळं बघायला यायची
आणि नाक पुसत, डोळे पुसत परतायची.
तळं कसं वाटलं विचारलं तर म्हणायची,
कोणतं तळं?

हेडाऊंचा पोरगा भिलाईला लागला,
चूल थंडावली.
मग गोव्याच्या हॉटेलात बारा वर्षं भांडी घासून
भोजराज कापगते आला. म्हणाला,
लिही, हॉटेल सागर किनारा.
अरे, समुद्र इथून रात्रभर आणि वर अर्धा दिवस गाडीत.
"पाणी पल्याडपर्यंत दिसते ना? मंग?"
मग मी लाटा काढल्या,
नारळाचं झाड काढलं, कॅलेंडरवर पाहिलेलं;
ते शिंदीसारखं आलं.
कोणी हरकत घेतली नाही.
आमच्या रोहूला भोजराजने खोबऱ्यात बुडवलं.
नागपूरची माणसं बोटं चाटून म्हणायची,
अगदी मालवणसारखं!
त्यांच्यातलं कोणी मालवणला गेलं नव्हतं.

मध्ये एक वर्ष शुद्ध शाकाहारी.
माशांच्या तळ्यावर पनीर.
त्या मालकाकडे माझे दीडशे रुपये अजून आहेत.

मग चायनीज.
मंच्युरियनमधला 'च्यु' कसा काढायचा
यावर धनबहादुर आचाऱ्याशी अर्धा तास भांडण.
त्याला वाचता येत नव्हतं.
जिंकला तोच.

शेवटचं, फॅमिली रेस्टॉरंट.
फॅमिली म्हणजे काय, मी विचारलं.
"पडदे लावले," मालक म्हणाला.
म्हणून तेही लिहिलं, पडद्याची सोय आहे.
त्या पडद्याआड कुठली कुटुंबं बसायची
हे वाढणाऱ्या पोरांना ठाऊक. मी फक्त अक्षरं लिहिली.

आता तिथे रिसॉर्ट आहे.
बोर्ड रात्रीतून आला, सुरळी करून,
ब्रश न लागता.
मेन्यूत सुरमई थाळी साडेचारशे.
ती गोंदिया स्टेशनावर थर्माकोलच्या खोक्यात उतरते,
बर्फात डोळे उघडे ठेवून,
आणि मारबत्यांची पोरं बो लावून ती वाढतात.
खिडकीबाहेर त्यांच्याच बापांची जाळी वाळत असतात.
परवा एका पाहुण्याने विचारलं म्हणे,
ही सजावट कोणी केली?

पत्रा मी मागून घेतला नाही.
सुग्रताच्या नातीने, रंजूने, तो ओढून नेला,
चुलीला वारा लागू नये म्हणून उभा केला.
सायंकाळी मी तिथे जेवतो.
ती पैसे घेत नाही; मी हट्टाने वीस रुपये
पाट्याखाली ठेवतो, ती ते दुसऱ्या दिवशी
मला परत देते, तेच.

धगीने रंगाचे पापुद्रे सुटतात.
पडद्याखालून 'च्यु' डोकावतो,
च्युखालून अर्धी लाट,
लाटेतून मिरचीचं टोक.
खाता खाता मी वाचत बसतो,
एक घास, एक अक्षर.
पोच्यापाशी तर पार तळ लागला आहे,
नुसता रेड ऑक्साइड,
उन्हाळ्यात तळं आटल्यावर
उघड्या पडणाऱ्या मातीचा रंग.
तिथे काहीच लिहिलेलं नाही.

"रस्सा घालू का जी?" रंजू विचारते.
घाल, म्हणतो मी.
दुसऱ्यांदा.